वर्गशिक्षकांसाठी आठवण : काड्यांचे गठ्ठे

सोमवारपासून दुसरीला दशक-एकक काड्यांनीच शिकवायचं ठरलंय, विसरू नका. दहा काड्यांना रबर लावला की एक दशक. ५२ मधून २७ वजा करताना दोन सुट्या काड्यांतून सात जात नाहीत, तेव्हा एक गठ्ठा सोडायचा. तो मुलांनीच सोडायचा, आपण नाही.

साहित्य दिल्यावर पाच मिनिटं नुसतं खेळू द्या. मी ही पाच मिनिटं न देता घाई केली आणि निम्मे रबर छताकडे उडाले! एका गटात चारच मुलं. पाचवं बहुधा रिकामं बसतं आणि मग खोड्या काढतं. गोंगाट होणारच. कुणी काड्या फेकल्या तर वर्गासमोर ओरडू नका, जवळ जाऊन हळूच सांगा. शेवटी गठ्ठे मोजून डब्यात, तेही मुलांच्याच हातून.