आमसभेला जाण्याआधी ताळेबंदाची उजवी बाजू वाचा

महोदय,

सप्टेंबर उजाडला की नागपुरातल्या इतवारी, महाल, सक्करदऱ्यात पतसंस्थांच्या वार्षिक सभांचे फलक लागतात. 31 मार्चपासून सहा महिन्यांत सभा घेणे बंधनकारक, म्हणून सगळ्यांची घाई एकाच महिन्यात. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब, मग आहेत त्यांच्यातच पुन्हा सुरू, 'मंजूर, मंजूर', दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आणि जाताना चिवडा-संत्रा बर्फीचे पाकीट. सत्काराला आक्षेप नाही. वस्तीतल्या पोरांना नावानिशी ओळखणारी संस्था बँकेपेक्षा जवळची वाटणारच. फक्त ती बर्फी सभासदांच्याच पैशातली असते.

अहवालाच्या पहिल्या पानावर ठेवी किती वाढल्या ते ठळक छापतात. ठेव हे संस्थेचे देणे, कमाई नव्हे. बघायचे ते ताळेबंदाच्या उजव्या बाजूला, म्हणजे मालमत्तेच्या बाजूला: येणे कर्ज (कर्जदारांकडून परत यायची रक्कम) आणि येणे व्याज. 40 कोटी येणे कर्जात 4 कोटी थकले असतील तर थकबाकी 10 टक्के. गेल्या वर्षी 12 टक्के असलेला हा आकडा यंदा एकदम 3 वर आला, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा की वसुली खरोखर झाली की 'नवे-जुने' केले? यात मार्चअखेर त्याच कर्जदाराला नवे कर्ज मंजूर करून जुने थकलेले त्यातून भरून घेतात. त्याच्या हाती दमडी पडत नाही, संस्थेत एक रुपया येत नाही, पण थकबाकीच्या यादीतून नाव जाते. एकट्या मार्च महिन्यात कर्जवाटप किती झाले आणि त्यातले किती जुन्या कर्जखात्यांत जमा झाले, एवढे विचारले तरी व्यासपीठावर कुजबुज सुरू होते.

येणे व्याजाचेही तसेच. थकीत कर्जावरचे व्याज हाती न येताच उत्पन्नात धरले की नफा फुगतो. त्याच्या तोडीस तोड 'थकीत व्याज तरतूद', म्हणजे ते व्याज बुडेल म्हणून नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम, डाव्या बाजूला हवी. ती नसताना 12 टक्के लाभांश जाहीर झाला, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी ठेवीतून वाटला जातोय असे समजा. (लाभांशाची कायदेशीर मर्यादा 15 टक्के आहे आणि निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीत जायला हवा.)

संचालकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचे विवरण, थकबाकीसह, सभेपुढे ठेवणे सहकार कायद्याच्या कलम 75 नुसार सक्तीचे आहे. अहवालात ते पान नसेल तर मागा. कलम 32 नुसार लेखापरीक्षित ताळेबंद, उपविधी, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराची पुस्तके कार्यालयीन वेळेत विनाशुल्क पाहता येतात. 'साहेब नाहीत, उद्या या' हे उत्तर मिळाले तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

ठेवीदारांचा एक गैरसमज मात्र फार महागात पडतो. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. शिवाय ठेव ठेवताना ज्या अर्जावर सही घेतात तो बहुतेकदा नाममात्र सभासदत्वाचा असतो. अशा सभासदाला मत नाही, लाभांशही नाही. भागधारक असाल तर शेअर एक असो की शंभर, मत एकच.

पिग्मीवाल्यांनी, म्हणजे घरी-दुकानी येणाऱ्या अभिकर्त्याकडे (एजंटकडे) रोज थोडी थोडी ठेव भरणाऱ्यांनी, आणखी एक करावे. अभिकर्त्याच्या मशीनमधून निघणारी पावती थर्मल कागदावरची, चार महिन्यांत कोरी होते. संध्याकाळी दुकानातल्या वहीत तारीख आणि रक्कम लिहा आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुकात नोंदी करून घ्या. 24 पावत्या आणि पासबुकात 21 जमा, असा फरक दिसला तर त्याच दिवशी शाखाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. अभिकर्ता 'उद्या टाकतो' म्हणाला तरी थांबू नका.

– एक सभासद, महाल, नागपूर