मुलांच्या मेथीवर शाळेचं वीजबिल नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची बातमी आपल्या अंकात वाचली. शाळेमागच्या दोन गुंठ्यांत भाजीपाला करायचा, गावात विकायचा आणि त्या पैशातून थकलेलं वीजबिल, फुटलेली कौलं, बंद पडलेला संगणक असं सगळं मार्गी लावायचं, असा बेत आहे. गावाने बेताला टाळ्या दिल्या म्हणे. मीही दिल्या असत्या. पण माझ्या नोकरीच्या ३१ वर्षांतली नऊ वर्षं शाळेची परसबाग माझ्याच गळ्यात होती, त्यामुळे टाळीआधी हिशेब आठवला.

सहा बाय चारच्या एका वाफ्यातून मेथीच्या फार तर आठ-नऊ जुड्या निघतात, त्याही महिनाभराने. जुडी १० रुपयांना गेली तर वाफ्याचे ८०-९० रुपये. बाजारात मेथीची आवक वाढली की तीच जुडी पाचला कुणी घेत नाही. वांगी-गवार थोडा बरा पैसा देतात, पण वांगं हाताशी यायला लागणीपासून दोन महिने जातात आणि तोवर शेंडेअळीने अर्धे शेंडे वाकवलेले असतात. मुलं हात घालणार म्हणजे दुकानातली औषधं मारायची नाहीत. निंबोळी अर्कावर जेवढं वाचेल तेवढं आपलं. सगळं जमून आलं तरी दोन गुंठ्यांतून कौलं बदलण्याइतका पैसा निघत नाही. निघालाच, तर तो मुलांच्या तासांतून निघालेला असतो.

दुसरा हिशेब पोषण आहाराचा. निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. पट ८० असेल तर दिवसाला चार किलो, महिन्याचे २२ दिवस धरले तर ८८ किलो. शाळेची बाग एवढी भाजी देऊच शकत नाही. मग जी थोडीफार पिकेल ती आधी कुठे जावी? टोमॅटो चढले की खिचडीत हळदीशिवाय रंग दिसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी शाळेचा पालक पिशवीत घालून सरपंचांच्या घरी विकायला न्यायचा आणि पोरांनी पिवळा भात खायचा, हे मला तरी पटत नाही.

आमच्या बागेचीही गोष्ट सांगते, कारण ती फार गोड नव्हती. पहिल्या वर्षी हौसेने वांगी विकली. १,१४० रुपये आले. ते कपाटात माझ्या डब्यात होते, वहीत लिहिलेले होते. तरी महिन्याभरात गावात कुजबुज सुरू झाली की बाईंच्या घरी भाजी फुकट जाते. त्यात एक दिवस एक पालक वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा गणिताच्या तासाला हापशावर होता. "बाई, पोरगं शिकाया धाडलंय, पाणी वढाया न्हाय," एवढंच बोलले आणि गेले. मला राग आला होता, पण त्यांचं चूक नव्हतं. पुढे मे महिन्याची सुट्टी लागली आणि कुंपणाच्या फटीतून शेळ्यांनी उरलेला प्रश्न मिटवला.

असं काही निघालं की आमच्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चं नाव घेतलं जातं. पण भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा जी मुलं राबली, तीच जेवली आणि तीच शिकली. राबणारा आणि लाभ घेणारा एकच होता. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकांचा पगार निघावा अशी अपेक्षा मांडली, तर तेव्हाही यावर टीका झालीच. इथे तर चौथीच्या मुलीने निंदलेल्या मेथीवर वीजबिल भागवायचं आहे. सरकारच्या 'समग्र शिक्षा' योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान असतं, ३० पर्यंत पटाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार. ते पुरत नसेल, वेळेवर येत नसेल, तर त्याचं भांडण पंचायत समितीत जाऊन करायचं. मेथी विकून भागतंय असं एकदा दिसलं की ते भांडण करायला कुणी उरणार नाही.

बाग मात्र जरूर करा. फक्त वाफ्यांची वाटणी करा. शाळेच्या बाजूचे चार-सहा वाफे मुलांचे. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, म्हणजे पोरांचा धीर सुटायच्या आत उगवणारं. धणे रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरायचे नाहीत, हे एकदा हाताने केलं की जन्मभर लक्षात राहतं. हात धुण्याच्या नळाखाली अळू लावा, त्याला वेगळं पाणी घालावं लागत नाही. हे सगळं थेट खिचडीच्या पातेल्यात.

उरलेली जागा गावाची. ती एखाद्या महिला बचत गटाला निम्म्या वाट्याने द्यावी. बी-खत-कष्ट गटाचे, जागा आणि पाणी शाळेचं, विक्रीतला अर्धा पैसा शाळेला. निधी उभारायचा तो मोठ्यांच्या घामातून. गटाचा स्वतःचा वाटा अडकलेला असेल तर सुट्टीतही पाणी घातलं जाईल आणि शेळ्याही हाकलल्या जातील, हा माझा अनुभवातून आलेला विश्वास. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव मात्र आधी हवा. पैसा समितीच्या बँक खात्यात, आणि आठवड्याचा जमाखर्च व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला. माझ्या डब्यासारखा डबा कुणाच्याही कपाटात नको. त्या पैशाचं काय आणायचं, चेंडू की गोष्टीची पुस्तकं, हे ठरवताना मुलांनाही विचारावं. वीजबिल त्या यादीत नसावं.

पाण्याचं काय, हा आमच्या खटाव तालुक्यात पहिला प्रश्न. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात दोन गुंठे हिरवे ठेवायचे नसतात. त्या दिवसांत चार शेवगे आणि कढीपत्ता जगला तरी पुष्कळ. भाजी मृग ते होळी एवढीच करावी.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. वाफे मात्र मेअखेर खणून, शेणखत टाकून तापत ठेवायला हवेत. माझ्या परसातल्या शेवग्याच्या पंचवीसेक फांद्या मी शाळेला द्यायला तयार आहे. मृगाच्या आत कुणीतरी गाडी घेऊन यावं, मला आता त्या उचलवत नाहीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. खटाव, जि. सातारा