तिरकस गुणाकाराची घाई नको

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. '४ : ६ = ६ : ?' या गुणोत्तराच्या गणिताला लेकीनं ८ उत्तर लिहिलं, तू तिरकस गुणाकार (टोकांच्या दोन आकड्यांचा गुणाकार मधल्या दोघांच्या गुणाकाराइतका) शिकवलास, त्या दिवशी ९ आलं आणि दुसऱ्या दिवशी तशाच गणितात गाडी पुन्हा घसरली. तिचं लक्ष नसतं असं तुला वाटतंय. मला तसं अजिबात वाटत नाही. ४ चे ६ झाले म्हणजे २ वाढले, मग ६ चे ८ व्हायला हवेत, असा सरळ विचार तिनं केलाय. आजवर बेरीज-वजाबाकीनं तिला कधी दगा दिलेला नाही, मग इथे तरी ती का सोडेल?

आणि ती काही एकटी नाही. रॉबर्ट कार्प्लस नावाचे भौतिकशास्त्रज्ञ मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करत. १९७०च्या सुमारास त्यांनी मुलांना असं विचारलं: एक बुटका माणूस बटणांनी मोजला तर ४ बटणं भरतो, उंच माणूस ६ बटणं. तोच बुटका पेपरक्लिपांनी मोजला तर ६ क्लिपा भरतो, मग उंच माणूस किती क्लिपांचा? आकडे अगदी तुझ्या लेकीच्या गणितातले! कितीतरी मुलांनी ८ असंच सांगितलं. पण इथे ८ का चुकतं ते डोळ्यांना दिसतं. ४ बटणांच्या जागेत ६ क्लिपा मावतात, म्हणजे एका बटणाला दीड क्लिप. उंच माणूस २ बटणांनी जास्त आहे, तर त्या दोन बटणांच्या ३ क्लिपा नकोत का? आधी एकाचं काढायचं, मग हवं तितक्यांचं; ही एकमान पद्धतच झाली, फक्त नाव न घेता.

तरी तोंडी सांगून हे पुरेसं ठसत नाही. त्यासाठी तिच्या हातात पट्टी, पेन्सिल आणि कात्री दे. ६ सेंमी बाजूचा कागदी चौरस घ्या. त्याचे तीन तुकडे करा: डावीकडे ४ × ६ चा उभा आयत, उरलेल्या पट्टीत वर २ × ४ चा तुकडा आणि खाली २ × २ चा चौरस. आता तिला सांग, हेच कोडं मोठं करायचंय, जिथे ४ सेंमी आहे तिथे ६ यायला हवेत. बाकी एक अक्षर बोलू नकोस. ती बहुधा प्रत्येक बाजूत २ मिळवेल. डावा तुकडा ६ × ८ होईल, उजवीकडचे ४ × ६ आणि ४ × ४. मग जोडायला घेतलं की उजवी बाजू ६ आणि ४ मिळून १० भरते, डावी मात्र ८ वरच थांबते. दोन सेंमी बाहेर! तुकडे नीट कापलेत की नाही ते ती आधी पुन्हा मोजून पाहील. मोजू दे. प्रत्येक बाजू दीडपट केली की ६ × ९, ३ × ६ आणि ३ × ३ होतात, आणि ६ नि ३ मिळून बरोबर ९ बसतात. ही युक्ती माझी नाही, फ्रेंच गणितशिक्षणतज्ज्ञ गी ब्रूसो यांची आहे. त्यांच्या कोड्यात ४ सेंमीचे ७ करायचे असतात. मी आकडे सोपे केलेत, कारण पावणेदोन पटीच्या हिशेबात मूळ मुद्दा हरवायला नको.

हे पटलं की लगेच उलट बाजूही दाखव, नाहीतर ती जिथे-तिथे पट काढत सुटेल. आई ३० वर्षांची, मुलगी ६ वर्षांची, म्हणजे आईचं वय पाचपट. सहा वर्षांनी आई ३६, मुलगी १२, आता तिप्पटच. २४ वर्षांचं अंतर मात्र तेवढंच राहतं. 'कितीने जास्त' कुठे टिकतं आणि 'किती पट' कुठे टिकतं, हा प्रश्न प्रत्येक गणिताआधी तिनं स्वतःला विचारावा. सगळ्या धड्यातलं हेच मला महत्त्वाचं वाटतं.

बाकीचं सरावानं येईल. गुणोत्तरातला आधीचा आणि नंतरचा आकडा (पूर्वपद-उत्तरपद) उलटसुलट नको, आणि एकक सारखं हवं: ५० सेंमी आणि २ मीटर यांचं गुणोत्तर १ : ४. एका जागी मात्र जरा थांब. लाल आणि पांढरे मणी ३ : ५ असतील तर लाल मणी एकूणाचे ३/८ असतात, पण मुलं हमखास ३/५ लिहितात. मणी काढून मोजायला लाव.

तिरकस गुणाकार वाईट आहे असं मी म्हणत नाही. ४ × ९ आणि ६ × ६ दोन्ही ३६ येतात, हे ताडून बघायला तो उत्तम. पण आधी उत्तर तिनं दीडपटीनं काढलेलं असू दे.

चाचणी जवळ आलीय म्हणून घाई करू नकोस. चार गणितं कमी झाली तरी चालतील, पण प्रत्येक वेळी 'हे कसं काढलंस?' असं विचार, उत्तर बरोबर आलं तरीसुद्धा. ८ : १२ = १० : ? दिलं की ती १४ म्हणते की १५, आणि का म्हणते, ते मला नक्की कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीला खूप आशीर्वाद.

तुझा मित्र