शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींना

मावशी,
शि. सा. न.

तुमचं नाव मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. पण कोल्हापुरात कुणी ना कुणी कुणाच्या ओळखीचं निघतंच, त्या भरवशावर लिहिते. 3 ऑगस्टला, अवयवदान दिनाला, अवयवदात्यांच्या बागेतल्या कार्यक्रमात हिरवं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसलेल्या तुम्ही. शेजारी मास्क लावलेली मी.

तिसऱ्या रांगेत का, तर पुढच्या दोन पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. ज्यांनी पोटचं लेकरू दिलं ते मागं, आणि ज्यांना दोन शब्द बोलून पुढच्या उद्घाटनाला पळायचं होतं ते पुढं. शाल-श्रीफळसुद्धा आधी त्यांनाच. माझा नुसता संताप चालला होता. तुम्ही पायाशी कलंडलेली रोपाची पिशवी सरळ केलीत आणि म्हणालात, "फुलाचं झाड दिल्यात. आंब्याचं दिलं असतं तर पोरांनी दगडं तरी मारली असती."

भाषणं लांबली आणि माझं पाणी संपलं. किडनी बसवलेल्या माणसाला दिवसाकाठी अडीच-तीन लिटर प्यावं लागतं, आणि ते कुठलंही चालत नाही. मी रिकामी बाटली हलवून बघितली, तेवढ्यात तुम्ही उठलात. पाहुण्यांच्या टेबलावरची एक बाटली कुणाला न विचारता उचलून आणलीत, सील माझ्यासमोर फोडलंत. "पी." मी अर्धी बाटली एका दमात संपवली. मग तुम्ही माझ्या कानाशी वाकून विचारलंत, "लघवी साफ हुतीया न्हवं?"

मावशी, ऑपरेशन झाल्यापासून लोकांनी मला काय काय विचारलं. खर्च किती आला. कुणाची बसवली, बाईची का बाप्याची. आता परत कामाला लागणार का. हे कुणी विचारलं नव्हतं. किडनीच्या माणसाला विचारावं असं खरं तर हेच! डायलिसिसवर असताना लघवी जवळजवळ बंद झाली होती. दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटीही आली. 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 43 फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली होती, हायवे बंद, निम्मं शहर पाण्यात, आणि मी वाटीनं मोजून घोट घेत होते. म्हणून मी "हो, साफ होते" म्हटल्यावर तुम्ही जे "बेस झालं" म्हणालात ना, ते मी कुणालाही नीट समजावून सांगू शकत नाही.

माझं कुणी नव्हतं असंही नाही. आईला शुगर, त्यामुळं तिची किडनी चालेना. भावाचा फोन लागेनासा झाला. सासरी तर विषयच निघाला नाही. नवऱ्याच्या किडन्या गेल्या असत्या तर पहिल्या आठवड्यात माझ्या तपासण्या झाल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्याकडं जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आणि घेणाऱ्यांत बाप्ये, हे काही उगाच नाही. एका दवाखान्याच्या काउंटरवर मी मृत दात्याची किडनी मिळण्याच्या यादीत नाव कसं घालतात विचारलं, तर तिथल्या साहेबांनी "नंबर लागत नसतो हो" म्हणून फाईल परत सरकवली. लागला नंबर.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही थोडंच बोललात. मेंदू गेलाय का हे डॉक्टर दोनदा तपासतात, मध्ये निदान सहा तास जाऊ देतात. "तेवढा येळ मी हात धरून बसलो हुतो. हात गरम हुता. छाती हालत हुती. आनी म्हणत्यात पोरगं गेलं." त्यावर तुम्ही सही केलीत. माझ्या सख्ख्या भावाला एक फोन उचलायला जड गेलं, मावशी.

आणि लगेच मला बजावलंत, "मी साल सांगायचं न्हाई, तू बी सांगू नगंस." दाता कोण हे घेणाऱ्याला कळू देत नाहीत, हे दोघींना माहीत होतं. पण साल जुळवून बघायला कितीसा वेळ लागला असता? मी बघितलंच असतं. तुम्ही तो मोह आम्हा दोघींचाही टाळलात. आणि तरी विचारलंत. कुणाचीही असो, पोरीचं नीट चाललंय का एवढंच तुम्हाला हवं होतं.

त्या पुरात तालमीची पोरं छातीएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं पाठुंगळी घेऊन काढत होती, तीही नावगाव न सांगता. हे शहर अशांच्या जिवावर चाललंय. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मात्र भलत्यांचीच नावं छापतात.

घरी येऊन मी अवयवदानाचा फॉर्म भरला. नुसता फॉर्म भरून भागत नाही, आयत्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं, म्हणून जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझं वापरलेलं कोण घेतंय?"

म्हटलं, डोळे आहेत की. चष्मा असला तरी चालतो.

तुमची,
मास्कवाली