चि. समीरला, मलावीत पोहोचल्यावर

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अदिस अबाबामार्गे तू लिलाँग्वेला सुखरूप उतरल्याचा निरोप परवा मिळाला. नानांनी लगेच भिंतीवरच्या नकाशात मलावीचे ते लांबट सरोवर शोधले आणि काठावर पेन्सिलीने टिंब केले. निघण्याच्या आदल्या रात्री मी तुला जे बोलले, त्याविषयी हे पत्र आहे. फोनवर ते जमले नसते. तू ‘बरं आई’ म्हणतोस आणि विषय संपतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी आजही भूलतज्ज्ञ नाही म्हणून अडलेली बाई पुढच्या गावी पाठवावी लागते, मग तुला आफ्रिकाच का सापडली, असे मी विचारले. प्रश्न चुकला असे मला अजून वाटत नाही, स्वर मात्र नक्की चुकला. मलावीच्या जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेले पण या कामाचे शिक्षण घेतलेले आरोग्य कर्मचारी, करतात, भूलही बहुधा तेच देतात, आणि आपण त्यांच्या शेजारी उभे राहून शिकवणार आहोत, हे तू किती शांतपणे सांगितलेस. मला अभिमान वाटला आणि मी भांडी घासायला उठून गेले.

मला आधी एवढेच कळव की तुमच्या थिएटरमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर कोण तपासते.

हे मी का विचारते, ते तुला कधी सांगितलेले नाही. फक्त नानांना ठाऊक आहे. १९८८ च्या आषाढात एका पाड्यावरून बाळंतीण आली. तिला झोळीत घालून डोंगर उतरवले, मग नाला ओसरेपर्यंत सगळे थांबले, मग जीप मिळाली. आमच्या दारात पोहोचेपर्यंत अकरा तास गेले होते. सर्जन तयार होते, भूल देणारे डॉक्टरही सुदैवाने गावातच होते. सिलिंडरवर खडूने ‘भरलेला’ असे लिहिले होते आणि त्या रात्री थिएटरची जबाबदारी माझी होती. मी खडूवर विश्वास ठेवला. पाना लावून उघडून पाहायला अर्धे मिनिट लागले असते. तेव्हा आमच्याकडे ऑक्सिमीटर नव्हता. नखे पाहायची, जखमेतल्या रक्ताचा रंग पाहायचा. सर्जन म्हणाले, “सिस्टर, रक्त काळं दिसतंय,” तोपर्यंत उशीर झाला होता. दुसरे सिलिंडर गोदामातून गडगडत आणेपर्यंत आणखी झाला. मूल वाचले. मला कोणी एका शब्दानेही बोलले नाही, आणि तेच मला अधिक जड गेले.

तू ठेवून गेलेले कागद मी दोनदा वाचले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१५ च्या आयोगाने म्हटले आहे की जगातल्या ५ अब्ज माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, आणि दरवर्षी आणखी १४.३ कोटी शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. असले आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. सिझेरियन, पोट उघडण्याची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरचे उपचार या तिन्हींची सोय असलेले रुग्णालय दोन तासांच्या आत गाठता यावे, हे त्यांचे मोजमाप मात्र राहिले, कारण त्यापुढे मी आमचे अकरा तास लिहून ठेवले. मलावीतल्या ८,००० हून अधिक सिझेरियनचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही वाचला. त्यात शंभरातली साधारण एक आई वाचली नाही. त्या एकीचा चेहरा मी पाहिला आहे असे मला वाटत राहते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठीची ती १९ प्रश्नांची यादी रोज मोठ्याने वाचून घे, पाठ झाली असली तरी. भुलीचे यंत्र आणि औषधे तपासली का, ऑक्सिमीटर लावला आहे का आणि तो चालतो आहे का, हे प्रश्न त्यात भूल देण्याआधीच येतात. दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. आम्हाला अशी यादी कोणी दिली असती तर, असा विचार मी करायचा नाही असे ठरवले आहे. तुमचा कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. वीज गेली की हवेतून ऑक्सिजन वेगळा करणे थांबले. तेव्हा पुन्हा सिलिंडरच. आणि सिलिंडर कोणी भरला, कोणी उघडून पाहिला, कधी पाहिला, हे वहीत लिहून सही घ्यायला लाव.

त्या क्लिनिकल ऑफिसरांना अर्धे डॉक्टर समजू नकोस. रात्री-अपरात्री, केटामाईनचे भुलीचे इंजेक्शन आणि पाठीच्या कण्यात द्यायची स्पायनल भूल यांच्या भरवशावर त्यांनी जितक्या बाया सोडवल्या असतील तितक्या तू अजून पाहिल्याही नाहीस. परिचारिकेने ‘थांबा’ म्हटले तर थांब. डॉक्टरांना ते ऐकू येत नाही, हे मी चौतीस वर्षे पाहिले आहे.

हा उपदेश झाला. क्षमा कर, मी फक्त खुशाली विचारायला बसले होते.

नाना म्हणतात, त्याला दोंडाईचाची गोष्ट लिही. डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत आत बसवायच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले, तेव्हा आमच्या भागात लोक हसले होते. पुढे युगांडात तशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली, २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि दोन्हींचे गुण जवळपास सारखे निघाले. मी तुला आफ्रिकाच का म्हणून विचारले, आणि आपल्या खानदेशातली युक्ती तुझ्या आधीच तेथे पोहोचली होती. नानांनी हे मुद्दाम आठवून दिले, हे मला कळते.

कळण्याचे पीठ निळ्या पिशवीत आहे, दमट हवेत लवकर वापर. माईआत्याची साडी मी पोहोचवली. मोठ्या बॅगेत, मोज्यांच्या खाली, एक जुना सिलिंडरचा पाना ठेवला आहे. तो तिकडच्या सिलिंडरला बसेलच असे नाही. बसला नाही तरी परत पाठवू नकोस.

तुझे घड्याळ आमच्या साडेतीन तास मागे आहे. तुझ्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा इकडे बारा होतात, पण मी जागी असते. सिलिंडर कोण तपासते, तेवढे कळव.

तुझी,
आई