ध्वनियंत्रणेआधी खोलीचा विचार हवा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील घरगुती ध्वनियंत्रणांवरचा लेख वाचला. टर्नटेबल, डॅक (डिजिटल ध्वनीचे विद्युत लहरींत रूपांतर करणारे यंत्र), ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची माहिती त्यात नेटकी आली आहे. परंतु ज्या खोलीत ही यंत्रे वाजणार तिच्याविषयी एक ओळही नसावी, हे खटकले. खालच्या सप्तकातला आवाज कानापर्यंत कसा पोहोचेल, हे स्पीकरइतकेच खोलीची लांबी-रुंदी, भिंती आणि ऐकणाऱ्याची बैठक ठरवत असते.

आपल्या सदनिकांत दहा बाय दहा फुटांची खोली सर्रास आढळते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये दहा फुटांचे अंतर असले की सुमारे ५६ हर्ट्‌झला (म्हणजे सेकंदाला तितकी कंपने) आणि पुढे त्याच्या पटींत आवाज घुमत राहतो; खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांचे हे घुमणे त्याच स्वरांवर येऊन दुणावते. काळी एकच्या पट्टीत मालकंस गाणाऱ्या गायकाचा मंद्र धैवत सुमारे १११ हर्ट्‌झवर पडतो, म्हणजे ५६ च्या दुपटीच्या अगदी लगत. मग तेवढाच एक स्वर फुगतो, शेजारचे स्वर मात्र जागच्या जागी राहतात, आणि श्रोता दोष देतो ॲम्प्लिफायरला. त्यातच खुर्ची मागच्या भिंतीला टेकवून ठेवण्याची आपली सवय. भिंतीलगत या सर्व घुमण्यांचा दाब सर्वाधिक असतो. खुर्ची दोन-तीन फूट पुढे सरकवायला पैसे पडत नाहीत, पण दिवाणखान्यातल्या फर्निचरला हात लावण्यापेक्षा नवे यंत्र आणणे घरात सोपे जाते, हेही खरे.

स्पीकरमागच्या भिंतीचेही तसेच. स्पीकर तिच्यापासून एक मीटरवर असेल तर सुमारे ८६ हर्ट्‌झला परतणारी लहर मूळ लहरीला बऱ्याच अंशी पुसून टाकते. इक्वलायझरने (निवडक स्वरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) तेथे आवाज वाढवावा, तर परतणारी लहरही तितकीच वाढते आणि आवाजातला तो खड्डा तसाच राहतो. येथे स्पीकर हलवणे हाच सरळ उपाय आहे.

हे ज्ञान नवे नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात शब्द कळेनात, म्हणून १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवण्यात आले. रिकाम्या सभागृहात आवाज विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत होते. सॅबिन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, एकेक वाढवत, विरण्याचा काळ मोजला आणि त्यातून खोलीत आवाज विरायला किती वेळ लागेल याचे, आजही वापरले जाणारे सूत्र मांडले. व्हिट्रिफाइड फरशी, काचेची सरकती दारे आणि उघड्या सिमेंटच्या भिंती असलेल्या आपल्या दिवाणखान्यांना त्यातले बरेच लागू पडते. मात्र जाजम आणि पडदे वरचे स्वर शोषतात, खर्जाला ते पुरत नाहीत. त्यासाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडापासून काढलेल्या तंतूंच्या लोकरीचे) चांगले जाड थर लागतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवणे तर निव्वळ हौस आहे.

लेखात स्पीकरच्या तारांवर दोन परिच्छेद खर्ची पडले आहेत. वायरमनकडे मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर तीन मीटर अंतरासाठी वापरली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ओहमच्या विसाव्या भागाहूनही कमी भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. ज्यांना महागड्या तारेत फरक जाणवतो त्यांनी तार कोणती हे न सांगता ती दुसऱ्याकडून बदलून घेऊन ऐकावे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्पीकर डोळ्यांसमोर असताना आणि पडद्याआड असताना त्याच श्रोत्यांनी दिलेले गुण लक्षणीयरीत्या बदलले होते.

पुरवणीत यापुढे एखाद्या यंत्रणेचा परिचय छापताना ती ज्या खोलीत ऐकली तिची मापे, स्पीकरचे भिंतींपासूनचे अंतर आणि शक्य असल्यास कोणता स्वर किती मोठा ऐकू येतो याचा मायक्रोफोनने घेतलेला आलेख द्यावा, ही विनंती. त्यासाठी लागणारे ‘रूम इक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

— एक वाचक, पुणे