टाकीत फरशीचं लिक्विड ओतायला सांगणारी तुमची ग्राहकसेवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायरच्या सफाईबाबत दिलेला घातक सल्ला आणि नाकारलेली वॉरंटी

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर माझं जे बोलणं झालं, ते तुमच्याकडे रेकॉर्ड झालेलं असणार. आधी ते ऐका.

हवेत ओलावा सोडणारं तुमचं हे यंत्र माझ्या वडिलांच्या खोलीत आहे. एसीमुळे रात्री त्यांचा घसा कोरडा पडतो, म्हणून घेतलं. आम्ही वाघोलीत राहतो, इथे पाणी बोअरचं नाहीतर टँकरचं. तुमच्या पुस्तिकेत "स्वच्छ पाणी वापरावे" एवढी एकच ओळ आहे. थोड्याच दिवसांत टीव्हीवर, औषधांच्या डब्यावर, वडिलांच्या चष्म्याच्या काचांवर पांढरी पूड बसायला लागली. पाण्याचं धुकं करणाऱ्या तळातल्या चकतीवर क्षारांचा खरखरीत थर चढला आणि धुकं निम्म्यावर आलं.

पुडीबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, ती तुमच्या घरातली धूळ आहे. केर-फरशी रोज होते ना?" मी चकती बदलून मागितली. मला होल्डवर ठेवलं. परत आल्यावर तोच माणूस म्हणाला, "चकती पाण्यातल्या क्षारांमुळे खराब झालीय, वॉरंटीत बसत नाही." म्हणजे पुडीची वेळ आली तेव्हा क्षार नव्हते, वॉरंटीची वेळ आली तेव्हा होते! मग साफ कसं करायचं ते तरी सांगा, म्हटलं. "टाकीत फरशी पुसायच्या लिक्विडचं एक झाकण टाका आणि अर्धा तास मशीन चालू ठेवा." खोलीत माणूस झोपलेला असताना? "हो मॅडम, वासही छान येईल." हेच मेलवर लिहून द्या म्हटलं, तर तशी सोय नाही. आणि फोन ठेवता ठेवता माझ्याकडे पाच स्टार मागितले.

तुमची चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते. ती पाणी उकळत नाही, फोडते. त्यामुळे पाण्यात क्षार, जंतू, लिक्विड जे काही असेल ते थेंबांबरोबर हवेत येतं आणि श्वासातून फुप्फुसात जातं. यंत्र बनवणाऱ्यांना हे मी सांगायचं? दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं वर्षानुवर्षं दुकानात विकली जात होती. त्यांनी फुप्फुसं निकामी होतात हे २०११ मध्ये उघड झालं. शेकडो माणसं दगावली, त्यांत बाळंतिणी आणि लहान मुलं होती. या धंद्यात असून हे तुमच्या कंपनीत कुणालाच ठाऊक नाही, हे मी मानायला तयार नाही.

सफाईची खरी रीत पुस्तिकेत चार ओळींत मावली असती. उरलेलं पाणी रोज ओतून टाकी कोरडी करायची. दर दोन-तीन दिवसांनी प्लग काढून, निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर तळात वीसेक मिनिटं ठेवायचं, चकती मऊ ब्रशने हलकेच पुसायची, सुरीने कधीच खरवडायची नाही. भरपूर पाण्याने धुवायचं आणि व्हिनेगर आत असताना यंत्र सुरू करायचं नाही. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आणि भरायला डिस्टिल्ड, नाहीतर निदान आरओचं पाणी. क्षारांचं जड पाणी चालत नाही हे खोक्यावर ठळक का छापलं नाही?

माझ्या माहेरी तुमच्याच कंपनीचा पंखा मी शाळेत असल्यापासून फिरतोय. ते नाव बघून हे यंत्र घेतलं. आता वडिलांच्या उशाशी ते ठेवायची हिंमत होत नाही.

चकती विनामूल्य बदलून द्या. तो सल्ला चुकीचा होता हे लेखी कळवा, आणि ज्यांना ज्यांना तो दिला गेला असेल त्या सगळ्यांना फोन करून सावध करा. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी तान्हं बाळ असेल. पुस्तिकेत सफाईची माहिती मराठीत छापा. चकती बदलून द्या, हे पुन्हा लिहिते, कारण फोनवर ते कुणी ऐकूनच घेत नाही.

पुरेशा सूचना आणि इशारे न देणारा उत्पादकही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जबाबदार धरला जातो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. कालच्या कॉलचं रेकॉर्डिंग तिथे मागवेन, ते पुसू नका.

तुमची ग्राहक,
वाघोली, पुणे